एक किलोच्या आतलं वल्हं

हबीबचाचांच्या हातात कुठलीही वस्तू जपून द्यावी. ती परत मिळते, पण तिचं वजन ऐकून घेतल्याशिवाय मिळत नाही.

मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला गेलो होतो. त्यांनी ती तळहातावर घेतली, डोळे मिटले, हात दोनदा खालीवर केला आणि म्हणाले, "बत्तीस ग्राम. कागद भारी घेतला मास्तर." पत्रिकेत काय छापलंय ते त्यांनी बघितलंच नाही. तारीख चाचींनी वाचून ठेवली म्हणून दोघं लग्नाला आले. पुढे नात झाली तेव्हा दवाखान्यात आम्ही सगळे बाळ कुणासारखं दिसतं यावर भांडत होतो. चाचांनी तिला अलगद हातावर घेतलं आणि जाहीर केलं, "तीन किलो, शंभर कमी." नर्सने काट्यावर ठेवलं तर बरोबर एकोणतीसशे ग्रॅम. त्या दिवसापासून माझी बायको चाचांना मानते. मला मानायला तिला तीस वर्षं पुरली नाहीत.

"हात खोटं बोलत न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. अंबडच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, चाळीस वर्षं ते मापाडी होते. शेतकऱ्याचा माल काट्यावर चढवायचा आणि आकडा पुकारायचा, हे त्यांचं काम. पुढे मोंढ्यात बॅटरीवरचे काटे आले. चाचा त्या काट्यासमोर उभे राहून आधी स्वतः आकडा सांगायचे आणि मग काटा बरोबर आहे का ते बघायचे. काटा चुकला तर त्याच्याकडे असं बघायचे, जसा मी नापास पोराच्या बापाकडे बघतो.

धान्य मापताना पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. हिंदू मापाडी 'लाभ' म्हणतात, मुसलमान मापाडी 'बरकत' म्हणतात आणि मग दोन, तीन, चार. चाचांच्या आयुष्यात 'एक' हा आकडाच नाही. जिना चढताना बरकत, दोन, तीन. घरात कुकरची शिट्टी झाली की ते ओट्यावरून ओरडतात, "बरकत!" आणि आतून चाची ओरडतात, "मालूम है!"

शहागडला आमची घरं पाठीला पाठ लावून आहेत आणि गोदावरी पाच मिनिटांवर. मी शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला. गोदावरीचा उगम, तिच्या उपनद्या, तिचं मुख, सगळं झोपेतही सांगेन. पण गुडघ्याच्या वर पाणी आलं की मी काठाकडे पळतो. हे चाचांना पक्कं माहीत होतं, आणि तरीही त्यांनी मला या प्रकरणात ओढलं. शेजारी निवडून मिळत नाहीत, दुसरं काय.

प्रकरण दगडूबाचं होतं.

दगडूबा त्याच मोंढ्यात हमाल होता. चाचा आकडा पुकारायचे आणि दगडूबा पोतं पाठीवर घ्यायचा. चाळीस वर्षं हीच जोडी. दोघंही शहागडचे, सकाळी एकाच जीपने जायचे, संध्याकाळी एकाच जीपने यायचे आणि येताजाता एकमेकांची अब्रू काढायचे. चाचा म्हणायचे, "दगडूला पाठ हाये, डोकं न्हाई." दगडूबा म्हणायचा, "भाईला दोन्ही न्हाई, नुसतं तोंड हाये." एकाला ताप आला तर दुसरा दिवसभर जेवायचा नाही, हे मात्र दोघंही कबूल करायचे नाहीत.

आता दगडूबाचा उजवा खांदा पार गेला होता. जालन्याच्या हाडाच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की हात खांद्याच्या वर न्यायचा नाही आणि एक किलोच्या वर काही उचलायचं नाही. गुडघेही कामातून गेले होते. घरी त्याचं करणारं कोणी नव्हतं. चाकणला कारखान्यात असलेला त्याचा मुलगा सुनील दिवाळीनंतर त्याला कायमचा घेऊन जाणार होता. चौथ्या मजल्यावर घर, लिफ्ट महिन्यातून पंधरा दिवस बंद. तिथून दगडूबा काही परत खाली उतरणार नाही, हे सगळ्यांना दिसत होतं.

ही बातमी कळल्यावर चाचा दोन दिवस कुठेकुठे हिंडून आले. तिसऱ्या दिवशी त्यांच्या दारात टेम्पोमधून एक नारंगी रंगाची, दोन माणसं बसतील अशी प्लास्टिकची कयाक उतरली. धरणाकडच्या कुठल्याशा रिसॉर्टने मोडीत काढलेली. गल्ली जमा झाली. कुणी म्हणालं गुळाची काहील आहे, कुणी म्हणालं मापाडीचाचांनी म्हातारपणी मासे धरायचा धंदा काढला. चाचींनी तर दारच लावून घेतलं.

"चाचा, हे काय?" मी विचारलं.

"अठ्ठावीस किलो," चाचा म्हणाले.

"वजन नाही विचारलं. कशासाठी?"

तेव्हा कळलं. खूप वर्षांपूर्वी जेवणाच्या सुट्टीत दगडूबा पोत्यांच्या थप्पीला टेकून म्हणाला होता, "भाई, पान्यावर म्हने वजन लागतच न्हाई. एकदा नावंत बसून पाह्यलं पाह्यजे." जन्म गोदावरीच्या काठी गेला, पण नावेत बसायला त्याला सवड झाली नव्हती. चाचांनी ते वाक्य एवढी वर्षं सांभाळून ठेवलं होतं. आता दगडूबा जायच्या आत त्याला पाण्यावर न्यायचं, एवढाच त्यांचा हट्ट.

"मग बसवा त्याला पुढे आणि तुम्ही वल्हवा. झालं," मी म्हणालो.

चाचांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. "मास्तर, तुम्ही दगडूला वळखत न्हाई. त्यो रिकाम्या हातानं बसंल का? चाळीस वर्षं त्याचे हात रिकामे न्हवते. नुसतं बसवलं तर त्याला लाज वाटंल. त्याच्या हातात वल्हं पाह्यजे. अन् डाक्टरनं सांगितलंय, एक किलोच्या आत."

अशा रीतीने एक किलोच्या आतलं वल्हं हा आमच्या गल्लीचा राष्ट्रीय प्रश्न झाला.

कयाकबरोबर एक वल्हं आलं होतं. जाड नळी आणि दोन्ही टोकांना प्लास्टिकची पाती. चाचांनी डोळे मिटून आकडा सांगितला, "एक किलो साडेतीनशे." किराणा दुकानाच्या काट्यावर तेवढंच भरलं. आता साडेतीनशे ग्रॅम कमी करायचे. मापाड्याच्या डोक्याला एकच हिशेब कळतो. जादा असेल ते काढा. चाचांनी सुताराकडून ड्रिल आणलं आणि दोन्ही पात्यांना भोकं पाडायला बसले. दहा भोकं पाडली की हातात घ्यायचे, डोळे मिटायचे, मान हलवायचे आणि परत ड्रिल. संध्याकाळी ते वल्हं घेऊन नाचतच माझ्याकडे आले. "नऊशे ऐंशी! बिलकुल बराबर!"

"चाचा, हा झारा झाला," मी म्हणालो. "यातून पाणी गळून जाईल."

"मास्तर, तुम्ही भूगोल शिकवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते घाटावर उतरले. बंधाऱ्यामुळे पाणी तुडुंब आणि अगदी संथ होतं. चाचांनी जोरात वल्हं मारलं. वल्ह्यातून पाणी आरपार गेलं आणि कयाक होती तिथेच राहिली. बरकत, दोन, तीन करत त्यांनी चाळीसपर्यंत मोजलं. तेवढ्यात घाटावर कपडे धुणाऱ्या बायकांची दोन पातळं धुऊन, पिळून झाली, पण चाचा त्यांच्या समोरून हलले नव्हते. शेवटी मासे धरणाऱ्या किसनने दोर टाकून त्यांना ओढून काढलं. चाचांनी मग सगळी भोकं पत्र्याच्या चकत्या ठोकून आणि डांबर ओतून बुजवली. वल्हं हातात घेतलं आणि बराच वेळ डोळे उघडले नाहीत. ते आता एक किलो सहाशे भरत होतं.

"हे माझ्यासाठी ठेवू," ते म्हणाले. "माझा खांदा धड हाये. दगडूसाठी संभाजीनगर गाठावं लागंल. तुम्ही चला."

"मी कशाला?"

"तिथं इंग्रजीत बोलतात."

खेळाच्या सामानाच्या त्या दुकानात एक पंचविशीची मुलगी होती. ती चुणचुणीत निघाली आणि तिने सगळं मराठीतच सांगितलं. भिंतीला ओळीने वल्ही टांगलेली. चाचांनी एकेक उतरवून डोळे मिटायला सुरुवात केली. तिसऱ्याच वल्ह्याला त्यांचा चेहरा उजळला. "आठशे दहा. हेच द्या."

"काका, ते लहान मुलांचं आहे," ती म्हणाली. "तुमची कयाक रुंद असणार. आखूड वल्हं पाण्यापर्यंत पोचत नाही, पोचवायला गेलं की बोटं कडेवर आपटतात. रुंदी किती आहे कयाकची?"

"अठ्ठावीस किलो."

"रुंदी विचारतेय, काका."

"रुंदीचं मला ठाव न्हाई. वजन बराबर सांगितलंय."

मी चाचींना फोन लावला. त्या आधी नाही म्हणाल्या, मग बडबडत अंगणात गेल्या आणि पाच मिनिटांनी त्यांनी कळवलं, "चार बालिश्त और दो उंगल." माझ्याकडून चाचींच्या विती घेऊन, त्यांच्या हाताचा अंदाज बांधून त्या मुलीने सेंटिमीटर काढले. मी एवढ्या वर्षांत एवढा हुशार विद्यार्थी पाहिला नव्हता. मग तिने एक लांब, काळं, निमुळत्या पात्यांचं वल्हं आणून चाचांच्या हातावर ठेवलं.

चाचांनी डोळे मिटले. "सातशे."

तिने ते काट्यावर ठेवलं. आठशे साठ.

चाचांनी काट्याकडे बघितलं, हाताकडे बघितलं, वल्हं परत उचललं, परत ठेवलं. आठशे साठ. चाळीस वर्षांत त्यांचा हात एकशे साठ ग्रॅम चुकल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. त्यांच्या कपाळावर घाम आला. मला खरंच वाटलं की आता यांना खुर्ची द्यावी लागते.

"सगळ्यांचंच असं होतं, काका," मुलगी म्हणाली. "याची पाती हलकी आहेत ना. वजन सगळं मधे आहे, टोकाला नाही. वल्हवताना टोकाचं वजन दमवतं."

चाचा एकदम ताठ झाले. "दांडी!" ते ओरडले. "मास्तर, ही तर तराजूची दांडी हाये! टोकाला तोळा टाका, मधी शेर टाका... अरे, मला कसं सुचलं न्हाई?" आणि त्यांनी त्या मुलीला दांडी, पारडं, काट्याची जीभ यांवर अर्धा तास व्याख्यान दिलं. तिने ते ऐकून घेतलं आणि मग त्यांना वल्हवायचं शिकवलं. वल्हं घट्ट आवळायचं नाही. हात खांद्याच्या खालीच ठेवायचे. जोर हातांचा नाही, कमरेचा. चाचा दुकानाच्या मधोमध स्टुलावर बसून हवेत वल्हवत होते आणि गिऱ्हाइकं लांबून वळसा घालून जात होती.

परतीच्या एसटीत वल्हं दोघांच्या मांड्यांवर आडवं होतं. कंडक्टरने त्याबद्दल दोनदा विचारलं, दोन्ही वेळा उत्तर मीच दिलं. अर्धी वाट मागे पडल्यावर चाचा म्हणाले, "मास्तर, मापाड्याला एक हक असतो. पोतं हद्दीच्या वर भरलं असलं तर 'उतरवा, कमी करा' म्हनायचा. सीझनमधी गाड्यांची लाईन लागायची. सगळे 'जल्दी करा, जल्दी करा' करायचे. मला हाताला कळायचं, पोतं जादा हाये. मी आकडा पुकारायचो अन् पुढं. आकड्याला काय वजन असतं? वजन दगडूच्या पाठीवर जायचं."

"तो कधी काही बोलला?"

"न्हाई ना. बोलला असता तर बरं झालं असतं."

मी खिडकीबाहेर कपाशीकडे बघत राहिलो. चाचांनी वल्ह्यावर रुमाल झाकला, जसं काही त्याला ऊन लागणार होतं.

पुढचे आठ दिवस सरावाचे. सरावाला दगडूबाच्या जागी माणूस हवा होता आणि तो मी होतो. "दगडू समजून बसा," चाचा म्हणायचे. बुडू न देणारं नारंगी जाकीट घालून, डोळे मिटून, माझ्या सर्व पूर्वजांना आठवत मी पुढच्या जागेवर बसायचो. मागून आवाज यायचा, "बरकत! कमरेतून वळा. दोन! मास्तर, वल्हं हाये, खडू न्हाई, मोडत न्हाई. तीन!" दोनदा मी पाण्यात पडलो. पाणी कमरेएवढंच होतं, पण मी जो आरडाओरडा केला तो पुलावरच्या ट्रकवाल्यांनीही थांबून ऐकला. आठव्या दिवशी मात्र मी कबूल केलं की या वल्ह्याने हात दुखत नाही. माझ्यासारख्या माणसाचा दुखत नाही म्हणजे कुणाचाच दुखणार नाही.

भाऊबीज झाली आणि सुनील जीप घेऊन आला. जीपमध्ये दगडूबाची ट्रंक, गादी आणि दोन डबे चढले. सकाळी दहाला निघायचं होतं. चाचांनी साडेसातलाच दगडूबाला खुर्चीत बसवून चौघांकडून घाटावर उचलून आणलं. सुनीलची कुरकुर चालू होती. "चाचा, बुडलं-बिडलं काही झालं तर?" चाचांनी त्याला जाकीट दाखवलं, किसनची नाव दाखवली आणि किसनच्या नावेत, साथीला म्हणून, मलाही चढवलं. मी नाही म्हणेपर्यंत नाव सुटली होती.

दगडूबाला कयाकमध्ये पुढे बसवलं. एवढा दांडगा माणूस, पण बसताना त्याने कयाकच्या दोन्ही कडा घट्ट धरल्या होत्या. चाचा मागे बसले. मग त्यांनी रुमालातून ते काळं वल्हं काढलं आणि मागून दगडूबाच्या हातात दिलं. मुलीला सासरी पाठवताना बाप जसा उगाच रागीट चेहरा करतो, तसा त्यांनी चेहरा केला होता.

"धर. एक किलोच्या आत हाये. डाक्टरला विचारून आणलं. घट्ट आवळू नको. तुला वढायचंय, मी मागून साथ देतो."

दगडूबाने वल्हं हातात घेतलं. त्याच्या अंगठ्याएवढ्या जाड बोटांत ते काडीसारखं दिसत होतं. त्याने ते उलटसुलट करून बघितलं. किसनने आमची नाव त्यांच्या जवळ आणली होती, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

"लई हलकं हाये भाई."

"आठशे साठ ग्राम. हिंडलो त्याच्यासाठी. मार की मंग."

दगडूबाने वल्हं मारलं नाही. त्याने ते मांडीवर आडवं ठेवलं, पाय लांब केले आणि मागे रेलला.

"भाई, एक बोलू का? रागवू नको."

"बोल."

"मला आज काईच उचलायचं न्हाई. हे बी न्हाई."

चाचांचं तोंड उघडंच राहिलं.

"जल्मभर तू बोलायचा अन् मी वढायचो," दगडूबा डोळे मिटत म्हणाला. "आज पोतं मी हाये. उचल."

किसन हसणार होता, मी त्याचा दंड दाबला. मग चाचांनी बाहीने तोंड पुसलं, डांबर फासलेलं ते एक किलो सहाशेचं वल्हं उचललं आणि पाण्यात घातलं. पहिल्यांदाच ते आकडा पुकारत नव्हते. हात खांद्याखाली, जोर कमरेचा. कयाक हळूच पुढे सरकली. दगडूबाचं डोकं एका बाजूला कललं.

थोड्या वेळाने बघितलं तर तो झोपला होता. तोंड जरा उघडं, हाताचे पंजे वर करून मांडीवर ठेवलेले. तो रिकाम्या हातांनी बसलेला मी पहिल्यांदाच पाहिला. झोपेत त्याच्या तोंडावरच्या सुरकुत्या सैल पडल्या होत्या. चाचांनी आमच्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. वल्हं पाण्यात शिरताना आवाज होऊ नये म्हणून ते एवढं सावकाश घालत होते की मी पार वरच्या वळणापर्यंत त्यांच्याकडेच बघत राहिलो. पाण्याची भीती मला त्या सकाळी वाटली नाही, कारण तिकडे लक्षच नव्हतं.

ऊन चढेपर्यंत आम्ही फिरून परत घाटासमोर आलो होतो. काठावर जीपवाला हॉर्न देऊ लागला. सुनील पाण्याच्या कडेपर्यंत आला आणि त्याने हाताने खूण केली, चला. चाचांनी बघितलं. त्यांनी कयाक वळवली खरी, पण काठाकडे नाही, परत वरच्या वळणाकडे.

सुनीलने हाक मारण्यासाठी तोंडाशी हात नेला.

"किसन, मला काठाला ने, जल्दी," मी म्हणालो. नाव टेकायच्या आतच मी उडी मारली, गुडघाभर पाण्यातून चालत गेलो आणि सुनीलचा हात खाली केला.

"ओरडू नकोस, बाळा," मी म्हणालो. "चल, चहा घेऊ. तुझा बाप झोपलाय."